बहात्तरचे बावीस

आमच्या गाडीतल्या एसीचा आकडा फॅरनहाइटमध्ये होता आणि घरात तो फक्त बाबांना कळायचा. बाबा म्हणजे माझे सासरे. गाडी परदेशातून आलेली, दोन मालकांच्या हाताखालून गेलेली. पहिल्या दिवशी नवऱ्याने किल्ली फिरवली, पडद्यावर बहात्तर उमटलं, तेव्हा तो म्हणाला, "बहात्तरला तर चहा होईल आपला." मागच्या सीटवर बाबा कितीतरी वेळ हसत होते. त्यांनी पस्तीस वर्षं फ्रीजरची गाडी चालवली होती. मासळी, लोणी, लसींची खोकी. त्या गाडीचा काटाही फॅरनहाइटचाच. बत्तीस म्हणजे बर्फ, चाळीस म्हणजे लसी सुखरूप, बहात्तर म्हणजे माणसाला बरं वाटेल इतकं, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं होतं.

मला मात्र दर वेळी हिशेब करावा लागायचा. बत्तीस वजा करा, पाचने गुणा, नवाने भागा. गणित सोपं आहे, पण कडेवर मूल असताना काहीच सोपं नसतं. आणि मला तो हिशेब चुकवून चालणार नव्हता, कारण माझ्या मुलीला घाम येत नाही. जन्मतःच घामाच्या ग्रंथी नाहीत. अंग तापलं की तापतच जातं, त्याला बाहेर पडायला वाटच नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खोली चोवीसच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि गेलीच तर ओलं फडकं, पंखा आणि दवाखाना. एवढं सांभाळलं तर ती चारचौघींसारखी वाढेल, असंही म्हणाले होते. मी घरात तीन थर्मामीटर टांगले. एक पाळण्याशी, एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीच्या दाराला. गाडीत टांगला नाही, कारण गाडीत बाबा होते.

सहा महिन्यांनी माझी रजा संपली. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी काम करायचे. मुलगी बाटलीला तोंड लावायची नाही, सगळे उपाय करून झाले. मग बाबांनीच तोड काढली. सकाळी सांभाळायला मावशी येणार, आणि दुपारी साडेबाराला बाबा मुलीला गाडीत घालून प्रयोगशाळेच्या फाटकाशी आणणार. मी खाली येऊन गाडीतच पाजणार, ते तिला परत नेणार. वीस मिनिटांचा रस्ता. फाटकावरच्या वॉचमनला ते रोज ऐटीत सांगायचे की छोट्या मॅडम जेवायला आल्यात, मोठ्या मॅडमना खाली पाठवा. चार महिने हे असं चाललं. एकदाही उशीर नाही, एकदाही आकडा बहात्तरवरून हललेला नाही.

पण घरात दुसरंही काही चाललं होतं. बाबा विसरायला लागले होते. गॅस चालू राहिला एकदा. साबण आणायला गेले आणि तासाभराने पुन्हा साबणच आणायला गेले. एका संध्याकाळी जेवायला बसताना त्यांनी चार ताटं घेतली आणि चौथ्याकडे बघत राहिले. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झालीत. मी ताट उचलून ठेवलं, त्यांनीही न बघितल्यासारखं केलं.

ताईला, म्हणजे माझ्या नणंदेला, हे कळलं तशी ती येऊन बसली. तिचं म्हणणं, म्हातारा माणूस आणि असलं नाजूक मूल एका गाडीत, हे आज ना उद्या नडणार. नवरा गप्प. गप्प म्हणजे तिच्या बाजूने. मी बाबांच्या बाजूने भांडले. गाडी चालवताना ते विसरत नाहीत, हात आपोआप चालतात, चार महिन्यांत एक तरी चूक दाखवा, म्हटलं. त्यात माया किती आणि माझी नोकरी किती, ते मी तेव्हा निवडून बघितलं नाही. शेवटी ठरलं की अजून एक चूक झाली की किल्ली काढून घ्यायची.

बाबा आतल्या खोलीत होते. सगळं ऐकलं असणार, कारण नंतर बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "बाकी काय हवं ते काढून घ्या गं. किल्ली राहू दे. ती गेली की मी नुसता बसवून ठेवलेला माणूस."

मी म्हटलं, नाही जाणार किल्ली. असं ठणकावून म्हटलं, जणू ते माझ्या हातात होतं.

गाडी घरात नवीन आली होती तेव्हाची एक गोष्ट. मी एसीच्या झडपेसमोर हात धरून हवा किती गार आहे ते बघत होते. बाबांनी माझा हात खाली केला. म्हणाले, अंगावर जायचं नाही, काट्यावर जायचं. फ्रीजरमध्ये शिरा, बाहेर या, परत शिरा, दिवसभर हेच, मग अंगाला काही कळत नाही. बर्फात उभं राहून उकडतं आणि उन्हात हुडहुडी भरते. त्यांच्याबरोबरचा एक ड्रायव्हर अंगावर गेला आणि सगळा माल नासवून बसला होता. शिवाय बाबांची बोटं तर त्या कामात कायमची बधिर झालेली. सुई टोचली तरी रक्त बघून कळायचं. मला त्यांचं हे बोलणं फार आवडलं होतं. प्रयोगशाळेत आम्हीही तेच शिकतो.

तो रविवार थंडीचा होता. ताई आली होती, आत गप्पा चालल्या होत्या, मुलगी किरकिरत होती म्हणून मी तिला घेऊन खाली गाडीत येऊन बसले. ती पिता पिता झोपली. हलायची सोय नाही, फोन वर राहिलेला. समोर पडदा. मी उगाच मेनूत शिरले. सेटिंग्ज, मग गाडी, मग एकके, मग तापमान. फॅरनहाइटच्या पुढे बरोबरची खूण होती. सेल्सियसवर बोट ठेवलं आणि बहात्तरचे बावीस झाले. इतकं सोपं होतं ते. इतके महिने मी डोक्यात गुणाकार करत होते, आणि ते चार बोटांच्या अंतरावर होतं. मला खरंच बरं वाटलं. बावीस. डॉक्टरांच्या कागदावरचा आकडा, माझ्या थर्मामीटरवरचा आकडा, आता गाडीतलाही तोच. सगळीकडे एक भाषा झाली, असं काहीतरी मनात आलं.

वर गेल्यावर बाबांना सांगायचं, हेही मनात आलं होतं. वर गेले तर ताई निघायच्या घाईत होती, तिची पिशवी सापडत नव्हती, मुलगी जागी झाली, तिचं अंग मला किंचित कोमट लागलं, मी थर्मामीटर शोधला. ताप नव्हता. मग रात्र झाली.

मी विसरले.

सोमवारी साडेबारा वाजले, गाडी नाही. पाऊण वाजला. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. वॉचमन म्हणाला, पुढच्या चौकात रस्ता खणलाय, सगळं तुंबलंय, येतील. मी फोन लावला, बाबांनी उचलला नाही. गाडी चालवताना ते कधीच उचलत नाहीत. मुलीसाठीच उचलत नाहीत. एक वाजून दहा मिनिटांनी गाडी वळणावर दिसली आणि मी श्वास सोडला.

काचा आतून धूसर झाल्या होत्या. बाबांनी दार उघडलं, आणि आतून वाफ यावी तशी हवा अंगावर आली. त्यांचा चेहरा लाल, मानेवरून घाम ओघळत होता, तरी स्वेटर अंगातच. ते काळजीने म्हणाले, "बावीसवर नेऊन ठेवलं होतं गं कोणीतरी. पोर गोठली असती. मी केव्हाचा वाढवतोय, तिसाच्या वर जातच नाही. नंतर तर आकडाच गेला."

पडद्यावर आकडा नव्हता. दोन इंग्रजी अक्षरं होती, 'हाय'. त्याच्यापुढे तापवता येत नाही एवढं.

मुलगी मागच्या सीटवर होती. टोपी, लोकरीचे मोजे, वर बाबांचा मफलर. त्यांनी स्वतःचा मफलर काढून तिला गुंडाळला होता. ती रडत नव्हती. डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर गेलेली, आणि एक हात तालावर उडाल्यासारखा उडत होता. मी तिला बाहेर काढलं, कपडे फाडल्यासारखे काढले, वॉचमनने त्याची पाण्याची बाटली माझ्या हातात न देता थेट तिच्यावर ओतली. बाबा विचारत होते की काय झालं, थंडी वाजली का तिला. दवाखाना दोन इमारती पलीकडे होता, मी पळत गेले. तिथल्या नर्सने आकडा मोठ्याने वाचला, एक्केचाळीस पूर्णांक दोन. तो मला बदलून घ्यावा लागला नाही.

तीन दिवस आम्ही तिथे होतो. झटके पहिल्याच संध्याकाळी थांबले. तिसऱ्या दिवशी ती प्यायली. डॉक्टर म्हणाले, एवढा ताप डोक्यात गेला की लगेच काही सांगता येत नाही, वर्षभर बघू, परत बसते कधी, बोलते कधी. मी होकारार्थी मान हलवली. वर्षभर बघणं हे माझ्या अंगवळणी पडलेलं काम होतं.

पहिल्या संध्याकाळीच दवाखान्याच्या बाकावर सगळं ठरलं. ठरलं कसलं, बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. कोणी मागितली नव्हती. ताई रडली, म्हणाली की तुम्हाला दोष नाही बाबा, वय आहे. मी तिथेच होते, दोन हातांवर. तोंड उघडलं असतं तर ऐकू गेलं असतं. मी आतल्या दाराकडे बघत राहिले. मुलीचं बघू आधी, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं, म्हणूनच इतकं कामाला आलं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. आकडा मी बदलला, त्यांना सांगायचं राहिलं, ते काही विसरले नव्हते, ते त्यांच्या काट्यावर अगदी बरोबर चालले होते. तो गादीच्या कडेला बसला. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बरं," तो म्हणाला. "मग देऊ परत किल्ली? उद्या पाठवशील तिला त्यांच्याबरोबर?"

मी मुलीचं पांघरूण सारखं केलं.

"घामाने निथळत होते ते. लहान मुलालाही कळलं असतं."

ते पस्तीस वर्षं अंगावर कधी गेलेच नाहीत, हे मी त्याला समजावायचा प्रयत्न केला. त्याने ऐकून घेतलं. पण त्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर एकच होतं. नाही पाठवणार. चूक माझी होती, आणि तरी नाही पाठवणार. एकदा तो मफलर बघितल्यावर कुठलीही आई पाठवणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांच्या खोलीत गेले. ते पलंगावर बसले होते, बाहेर जायचे कपडे घालून, कारण साडेबारा वाजत आले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. मेनू, खूण, बावीस. सावकाश सांगितलं, दोनदा. त्यांनी नीट ऐकलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू सांगितलं असशील," ते म्हणाले. "माझ्याच लक्षात राहिलं नसेल."

"नाही बाबा. सांगितलंच नाही मी."

"नाही गं. तू कधी सांगायची राहतेस का? तीन तीन थर्मामीटर लावणारी बाई तू."

मी हट्टाने पुन्हा सांगितलं. ते मायेने हसले, एखादं मूल दुसऱ्याचा मार आपल्या अंगावर घ्यायला बघतं तेव्हा हसावं तसे. माझा मोठेपणा त्यांना दिसत होता. मी जितकं खरं सांगत होते तितकी त्यांच्या नजरेत चांगली होत होते.

त्यानंतर ते झपाट्याने उतरले. आधी ते विसरायचे, पण जे आठवायचं त्यावर ठाम असायचे. आता सगळंच विचारून करतात. नळ कुठल्या बाजूला फिरवला की गरम येतं. मी जेवलो का. हे मी बोललो की कोणी दुसऱ्याने. मुलीला जवळ दिलं तर हात मागे घेतात. म्हणतात, नको, माझ्याकडे नको.

नोकरीचा राजीनामा मी मेलने पाठवला. प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनी फोन करून थोडं थांबायला सांगितलं, मी हो म्हटलं आणि थांबले नाही. आता दिवसभर घरी आम्ही तिघं असतो. मुलगी अकरा महिन्यांची झाली, आधी बसायची, ती आता आधाराशिवाय बसत नाही. डॉक्टर म्हणतात, बघू.

गेल्या आठवड्यात बाबांचा जुना सहकारी भेटायला आला, त्याच गाड्यांवरचा. पाणी द्यायला मी दाराशी गेले, तर बाबा त्याला ती हकीकत सांगत होते. शांतपणे, तपशीलवार.

"रविवारी संध्याकाळी सांगितलं होतं तिने," ते म्हणाले. "मी खुर्चीत बसलो होतो, ताई निघाली होती. ही वर आली आणि म्हणाली, बाबा, आकडा बदललाय, आता बावीस म्हणजे बहात्तर समजायचं. मी हो म्हटलं. चांगलं आठवतंय मला. आणि सकाळी पार विसरलो."

सहकारी चुकचुकला. बाबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "असंच म्हणाली होतीस ना?"

आधी दोनदा त्यांनी असंच विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं होतं. एकदा ताईसमोर, एकदा शेजाऱ्यांसमोर. दोन्ही वेळा ते दिवसभर अस्वस्थ फिरत राहिले. त्यांना वाटलं, आता तर न घडलेलंही आठवायला लागलं. रात्री त्यांनी नवऱ्याला बोलावून आपल्याला कुठेतरी ठेवायला सांगितलं होतं.

मुलगी माझ्या कडेवर होती. तिची मान माझ्या खांद्यावर कलंडलेली.

"हो बाबा," मी म्हटलं.

ते मोकळे झाल्यासारखे मागे टेकले आणि सहकाऱ्याला म्हणाले की बघ, तेवढं तरी बरोबर आठवलं.