सात दिवसांची आच

मित्रांनो, मी एक जुनी विटांची भट्टी आहे. शिंप्याचं दुकान आणि किल्ल्या करणाऱ्याचं दुकान यांच्या मधोमध आठ टेबलांचं एक इटालियन हॉटेल आहे. त्याच्या मागच्या भिंतीला पाठ लावून मी बसले आहे. बसले आहे म्हणजे कायमचीच. मला उठवून दुसरीकडे बसवणं कुणाच्याही हातचं काम नाही.

मला तोंड एकच, आणि तोच माझा डोळाही. त्यातून चार टेबलं, दाराची चौकट आणि पलीकडच्या रस्त्याचा वीतभर तुकडा दिसतो. शहर फार मोठं आहे, असं मी ऐकून आहे. इथे इटालियन कुठे खावं असं कुणाला विचारलं, तर दहा माणसं दहा पत्ते सांगतात म्हणे. एक हॉटेल तिसाव्या मजल्यावर आहे, तिथे ढग खिडकीला टेकतात. एक बंदरापाशी आहे, तिथला वाढपी गाणी म्हणत वाढतो. यातलं एकही मी पाहिलेलं नाही. तरीही मी आयुष्यभर थक्क होत आले आहे, तेही इथल्या इथे बसून. ते कसं, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म वाळूच्या ढिगावर झाला. आधी मिस्त्रींनी एक ओटा बांधला, त्यावर भाजक्या विटांचा सपाट तळ घातला. मग त्या तळावर ओल्या वाळूचा कमरेएवढा गोल ढीग रचला. हातांनी थापून थापून त्यांनी तो इतका गुळगुळीत केला की वाटेने जाणारी माणसं आत डोकावून विचारायची, हे काय बांधताय? मिस्त्री म्हणायचे, "पोकळी बांधतोय." लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याने थट्टा केली. खरं तर ते तेव्हा म्हातारे नव्हते, फक्त तसे बोलायचे.

त्या ढिगावर त्यांनी विटा लावल्या, एकीला एक बिलगून, आणि वरून मातीचा जाड थर दिला. माती धरल्यावर त्यांनी माझ्या तोंडातून हात घातला आणि आतली वाळू ओंजळी ओंजळीने बाहेर काढली. हॉटेलची मालकीण शेजारी श्वास रोखून उभी होती. शेवटची ओंजळ निघाली. खाली कसलाच आधार उरला नाही, आणि तरी माझा घुमट जागच्या जागी राहिला. मिस्त्री चपला काढून माझ्या डोक्यावर चढून उभे राहिले. मी त्यांना पेललं. माझ्या पोटात काही नाही आणि त्या काही नसण्यावरच मी उभी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. त्याचं नवल मला अजून वाटतं.

मालकीण लगेच लाकडं घेऊन आली. मिस्त्रींनी ती तिच्या हातातून काढून घेतली. "ताई, तान्ह्या बाळाला पहिल्याच दिवशी कुणी ताट वाढतं का? आज एक काटकी. उद्या दोन. सात दिवस दम धरा." माझ्या मातीत आणि विटांत पाणी मुरलेलं होतं. ते हळूहळू जायला हवं होतं. मालकिणीने दम धरला.

आता मालकिणीबद्दल सांगते. तिला सगळा रस्ता आत्या म्हणायचा, कारण तिची भाची लहानपणी शाळा सुटली की इथेच यायची आणि दारातूनच "आत्या" अशी हाक मारायची. ती हाक आधी शिंप्याने उचलली, मग गिऱ्हाइकांनी. आत्या हे जेवण एका प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात शिकली होती, एका इटालियन उस्तादाच्या हाताखाली. उस्तादाला तिची भाषा येत नव्हती, तिला त्याची येत नव्हती. चूक झाली की तो टेबलावर थाप मारायचा आणि बरोबर झालं की काहीच बोलायचा नाही. सहा वर्षांत थापा बंद झाल्या, तेव्हा आत्या जहाजावरून उतरली.

काय सांगू तुम्हाला तिच्या हातांबद्दल. मैदा, पाणी, मीठ आणि चिमूटभर यीस्ट यांचा गोळा ती तीन दिवस गारव्यात झाकून ठेवायची. चौथ्या दिवशी तो असा फुगलेला असायचा की बोट लावलं तर हळूच परत वर यायचा. लाटणं ती वापरायची नाही. बोटांनी पसरायची, मनगटावर झेलायची, वर टोमॅटो, चीज आणि बेझिलची चार पानं घालायची, आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावरून ती चकती माझ्या पोटात सरकवायची. मग मी माझं काम करायची. दीड मिनिटात त्या चकतीची कड टम्म फुगायची आणि तिच्यावर काळे ठिपके उमटायचे. असे हजारो पिझ्झे मी भाजले असतील. प्रत्येक वेळी कड फुगताना मला वाटायचं, हे माझ्यामुळे झालं? आणि प्रत्येक वेळी मी नव्याने थक्क व्हायची.

माझ्या अंगावर तापमान दाखवणारं यंत्र नाही. आग पेटली की आधी माझा घुमट काजळीने काळा होतो. आच पुरती चढली की ती काजळीच जळून जाते आणि घुमट पांढराफटक पडतो. तो पांढरा पडला की आत्या उजवा हात माझ्या तोंडात धरून आकडे म्हणायची. तीन म्हणायच्या आत हात काढावा लागला, तर पिझ्झा. आठपर्यंत टिकला, तर पाव. भाची कोपऱ्यातल्या टेबलावर गृहपाठ करता करता हे बघायची. ती शाळेतून यायची तेव्हा घुमट नेहमीच पांढरा झालेला असायचा. ही गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवा.

एका वर्तमानपत्रात दर दोन वर्षांनी यादी छापून यायची, शहरात इटालियन कुठे खावं याची. ती लिहिणाऱ्या बाई एकदा आमच्याकडे येऊन गेल्या. कोण, कुठल्या, काही सांगितलं नाही. ताट पुसून खाल्लं आणि गेल्या. मग यादीत आमचं नाव आलं आणि दारासमोर रांग लागली. लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. मी जरा फुगले होते, हे कबूल करते. पण खरं सांगू? मला रांगेपेक्षा दुसरंच काहीतरी आवडायचं. चौघंजण मोठमोठ्याने वाद घालत यायचे, ताट समोर यायचं, पहिला घास तोंडात जायचा आणि सगळे एकदम गप्प व्हायचे. तो गप्पपणा मी कान देऊन ऐकायची.

भाची मोठी झाली, नोकरीला लागली, दूरच्या उपनगरात राहायला गेली. आधी आठवड्याला यायची, मग महिन्याला, मग फोनवरच यायची. आत्या कधी कुरकुरली नाही. आणि एका सकाळी आत्या पीठ मळता मळता खाली बसली ती उठलीच नाही. उजव्या अंगाला झटका आला होता. शिंप्याने तिला दवाखान्यात नेलं. तिचा जीव वाचला, पण उजव्या हातातली जाणीव गेली.

हॉटेलला कुलूप लागलं. आठ महिने मी थंड होते. माझ्या पोटात कुणीतरी रिकामी खोकी कोंबली. वरच्या मजल्यावरचा नळ गळत होता आणि त्याचं पाणी भिंतीतून झिरपत माझ्या पाठीत उतरत होतं. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. पण माझं सोडा. आत्याचं काय चाललं होतं, ते भाचीच्या तोंडून नंतर कळलं. आत्याला बोलता येत होतं, पण ती बोलत नव्हती. खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसायची, दोन घास खायची आणि मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले होते, औषधाचं काम संपलं, आता तिलाच वाटायला हवं.

मग भाचीने नोकरी सोडली. तिला एकच गोष्ट हवी होती. आत्याला पुन्हा माझ्यासमोर आणून बसवायचं, म्हणजे तिला जगावंसं वाटेल. तेवढ्यात यादीवाल्या बाईंचा फोन आला, हॉटेल पुन्हा उघडतंय का असं विचारायला. नवी यादी येत्या रविवारी छापायची होती आणि त्या शुक्रवारी जेवायला येणार होत्या. भाचीला वाटलं, देवच पावला. आत्याला यादीतलं नाव दाखवू, ती हसेल.

बुधवारी दुपारी तिने खोकी बाहेर काढली, मला झाडलं आणि माझ्या पोटात लाकडं खच्चून भरली. घुमट पांढरा करायचाय, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बिचारीने मला नेहमी पांढरीच पाहिलेली होती. पहिल्या सात दिवसांच्या वेळी तिचा जन्मही झालेला नव्हता. लाकडं धडाडून पेटली. माझ्या पाठीत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळेना. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. मी फक्त तडकू शकते. मोठा आवाज झाला आणि तोंडापासून माथ्यापर्यंत मला बोट जाईल एवढी चीर पडली.

भाची जमिनीवर बसून रडली. एकदाच म्हणाली, "मी मारलं तिला." हे 'तिला' म्हणजे मला की आत्याला, ते मला कळलं नाही.

गुरुवारी मिस्त्री आले. आता ते खरोखरच म्हातारे झाले होते, काठी टेकत आले. त्यांनी चीर पाहिलीच नाही. माझ्या घुमटाला कान लावला आणि बोटांच्या पेरांनी टकटक करत सगळीकडून ऐकत गेले, डोळे मिटून. इतकी वर्षं झाली, तरी त्यांना माझी एकेक वीट पाठ होती. मी जीव मुठीत धरून बसले होते.

"आहे," ते म्हणाले. "जीव आहे अजून. चीर मी मातीने भरतो, ती राहील पण त्रास देणार नाही. पण पोरी, हिला पुन्हा सात दिवस द्यावे लागतील. उद्या एकच काटकी."

"काका, उद्या त्या बाई येणारेत. निदान अर्धी तापवता नाही येणार?"

"येईल की. मग परवा मला बोलवू नकोस."

भाचीने त्या बाईंना फोन लावला. "बाई, उद्या येऊ नका. भट्टी आजारी आहे. हो, आठवडा लागेल. कळतंय मला, न खाता तुम्ही लिहीत नाही. बरोबरच आहे ते." फोन ठेवला आणि डोळे पुसून ती मिस्त्रींसाठी माती कालवायला बसली. त्या वेळी मला तिच्यात आत्या दिसली.

शुक्रवारी ती आत्याला चाकाच्या खुर्चीत घालून घेऊन आली. आत्याने माझ्या कपाळावरची चीर पाहिली आणि मान फिरवली. भाचीने एक काटकी पेटवली. ती जळून गेली. दोघी गप्प बसल्या आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी दोन काटक्या. तेव्हाही गप्पच. फक्त या खेपेला आत्याने मान फिरवली नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. भाचीने यादी आणली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. तिसावा मजला होता. बंदरावरचा गाणारा वाढपी होता. आम्ही नव्हतो. "आत्या, माझी चूक आहे," ती म्हणाली. "आणि भट्टीच्या आधीची चूक वेगळीच. मी इथे यायचीच थांबले होते."

आत्या माझ्या आतल्या तीन काटक्यांकडे बघत होती. मग तिचा आवाज आला, घसा बसलेला, पण तोच आवाज. "पीठ तीन दिवस झाकून ठेवावं लागतं. चौथ्या दिवशी ते हाताला येतं. गुरुवारी पाहिजे असेल तर आजच भिजवायला लाग." आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच एवढं बोलली होती. भाची उठली. मैदा कुठे ठेवलाय हे आत्याने डाव्या हाताने दाखवलं.

पुढचे तीन दिवस माझ्या पोटात काटक्यांची लाकडं झाली आणि त्या दोघींच्या गप्पा वाढत गेल्या. कुणाची ऊब आधी चढली, मला सांगता यायचं नाही.

गुरुवारी माझा घुमट काळा झाला आणि मग माथ्यापासून पांढरा होत गेला, चीर तेवढी काळी राहिली. आत्याने सवयीने उजवा हात उचलला, आणि थांबली. त्या हाताला आता चटका कळत नव्हता. "तू घाल," ती म्हणाली. भाचीने हात घातला. "एक. दोन." आणि झटकन काढला. आत्याने मान डोलावली.

पिझ्झा बाहेर आला. कड वेडीवाकडी होती, एका बाजूला जरा जास्तच भाजलेली. आत्याने डाव्या हाताने तुकडा तोडला आणि सावकाश चावला. भाची, मिस्त्री, शिंपी, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ कमी आहे," आत्या म्हणाली. "उद्या थोडं जास्त घाल."

मिस्त्री हसले. भाचीला मात्र मिठाचं काही ऐकूच गेलं नसावं. ती आत्याचा बधिर हात धरून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "उद्या. हो आत्या, उद्या."

मित्रांनो, एक जुनी, चीर पडलेली भट्टी तुम्हाला हात जोडून सांगते, म्हणजे मला हात असते तर जोडले असते. तुमच्याही घरात कुणीतरी बरेच दिवस थंड पडलेलं असेल. त्यांच्याकडे जा. एकदम मोठी आग लावू नका. पहिल्या दिवशी एक काटकी पुरे. फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.