झुलाल सरांचे एकाहत्तर

जळगावात झुलाल सरांच्या मार्कांना एक ठरलेला भाव होता. रसायनशास्त्रात सरांनी पासष्ट दिले की बोर्डात पंच्याऐंशी समजायचे, सत्तर दिले की नव्वद. सरांकडून सत्तर आणणाऱ्या मुलाच्या घरी पेढे येत. नव्याने बदली होऊन आलेल्या एखाद्या साहेबाची बायको मात्र तेवढ्याच मार्कांवर दोन दिवस धड जेवत नसे. मग शेजारीण तिला बाजूला घेऊन भाव समजावून सांगायची, आणि तिसऱ्या दिवशी त्या घरीही पेढे यायचे. सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. तरी एकतीस वर्षांत त्यांनी एक मार्क सैल सोडला नव्हता. मुलं ढिली पडतात, एवढंच त्यांचं म्हणणं.

मृणालीला बारावीच्या सहामाहीत त्यांनी एकाहत्तर दिले. वर्गात पहिली. तिचे वडील युवराज यांची स्टेशन रोडला रक्ततपासणीची लॅब. तिथे त्या दिवशी लघवीची बाटली घेऊन आलेल्या पेशंटलाही पेढा मिळाला.

मृणालीला डॉक्टर व्हायचं होतं आणि तेही विलायतेत. आत्या तिकडे परिचारिका होती. एरंडोलजवळची जमीन महामार्गात गेल्यामुळे पैशाची बाजूही उभी राहिली होती. आळीतल्या लोकांनी त्यावर आपापल्या परीने मत दिलं. निम्म्यांना वाटलं पोरीला नीट परीक्षेची भीती वाटते, उरलेल्यांना वाटलं बापाला पैसा जड झाला. मृणालीने कुणालाच उत्तर दिलं नाही. पुण्याला जाऊन तिने तिकडची चाळणी परीक्षा दिली, मार्क बरे पडले, चार विद्यापीठं निवडली, आपण डॉक्टर का होणार हे अकरा वेळा लिहून बाराव्यांदा ठेवलं. आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती तिच्या हातात नव्हती.

बोर्डाचा निकाल लागतो मे महिन्यात आणि तिकडचा अर्ज जातो पंधरा ऑक्टोबरला. म्हणून ती विद्यापीठं शिक्षकालाच विचारतात, की ही मुलगी बोर्डात किती मिळवेल? शिक्षकाने अंदाजाचा आकडा आणि चार ओळींची शिफारस परस्पर ऑनलाइन भरायची. विद्यार्थ्याला ती दिसत नाही, नुसती भरल्याची हिरवी खूण दिसते. चारही ठिकाणी रसायनशास्त्राला नव्वद हवे होते. त्याखाली असेल तर अर्ज पुढे वाचत नाहीत, असं आत्याने दोनदा बजावलं होतं. बाकीच्या विषयांचे आकडे शाळेने कळवले होते, सगळे नव्वदीच्या वर. रसायनाचा आकडा आणि शिफारस वर्गशिक्षक म्हणून झुलाल सरांकडे. सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला, आपल्या घरी गेले होते, पण जाण्याआधी त्यांनी काम उरकलं आणि हिरवी खूण आली.

तेरा तारखेला रात्रीच्या जेवणाला युवराज खुशीत होते. सरांना आभाराचा फोन केला होता.

"काय माणूस आहे," ते म्हणाले. "म्हणे, एक मार्क इकडचा तिकडे केला नाही. सहामाहीचा आकडा जसाच्या तसा टाकला."

मृणालीचा हात भाकरीवर थांबला. "पप्पा, त्यांनी एकाहत्तर लिहिलंय."

"हो. म्हणजे नव्वद की."

"ते इथे."

युवराजांनी घास चावला, गिळला, आणि मग त्यांना जेवण गेलं नाही.

तेव्हाच पुन्हा फोन लावला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की तपासलेला गठ्ठा एकदा बांधला की ते सोडत नाहीत, आणि डॉक्टरने आठ दिवस मोबाईलकडे बघायला मनाई केली आहे. नियम मात्र मृणालीच्या बाजूने होता. अर्ज पुढे पाठवेपर्यंत शिफारस परत मागवता येत होती. तिने ती परत मागवली. हिरवी खूण गेली आणि तिच्या जागी रिकामं वर्तुळ आलं. सकाळपर्यंत ती ते वर्तुळ पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. सरांनी आता काहीच भरलं नाही तर एकाहत्तरही हातचे जाणार होते.

चौदाच्या सकाळी बापलेक धुळ्याच्या एसटीत बसले. मृणालीच्या मांडीवर वही होती. बस सुटल्यापासून ती सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावत होती. डावीकडे सरांचे मार्क, उजवीकडे बोर्डाचे. अडुसष्ट, नव्वद. त्र्याहत्तर, चौऱ्याण्णव. चौसष्ट, सत्त्याऐंशी. पारोळ्यापर्यंत दहा नावं झाली. दहावं भूषणचं. तो अमळनेरला औषधाच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकं सांभाळत त्याने दोन मिनिटं बोलून घेतलं. एकाहत्तर, बहात्तर.

मृणालीने तो आकडा लिहिला. मग पान उलटून यादी नव्याने उतरवली, बसच्या हिसक्यांनी अक्षर वाईट आलं होतं म्हणून. नव्या पानावर नऊच नावं होती. युवराज खिडकीतून बाहेर बघत होते, पण लॅबवाल्या माणसाला ओळी मोजायची सवय असते.

सरांच्या घरी त्यांच्या पत्नी भिकुबाईंनी दार उघडलं. सर आरामखुर्चीत, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर अजून मोतीबिंदूची सायच होती. आवाज मात्र वर्गातलाच. बसा म्हणाले, पाणी द्या म्हणाले, आणि विषय निघायच्या आत त्यावर पडदाही टाकला. आपण खोटं लिहिणार नाही. एकाहत्तर मिळाले, एकाहत्तर लिहिले.

"डोयाले पट्टी शे, पण हट काय कमी नही," भिकुबाई चहाचे कप ठेवत म्हणाल्या.

युवराजांनी घसा साफ केला. त्यांच्या लॅबमध्ये एक जुनं मशीन आहे, ते साखर नेहमी वीसने कमी दाखवतं. ते फेकून दिलेलं नाही, रिपोर्ट लिहिताना वीस मिळवतात. न मिळवता लिहिला तर तो खरा रिपोर्ट होत नाही, पेशंट मरतो.

"म्हणजे मी बिघडलेलं मशीन," सर म्हणाले.

युवराजांनी चहाचा मोठा घोट घेतला. तो फार गरम होता.

मृणालीने वही उघडली. सरांना वाचता येत नव्हतं, म्हणून तिने मोठ्याने वाचलं. नाव, सरांचे मार्क, बोर्डाचे मार्क. प्रत्येक नावाला सर मान हलवत होते, मुलं चेहऱ्यानिशी आठवत असावीत. नऊ नावं संपली. तिने सांगितलं, की विद्यापीठांनी आज किती मार्क आहेत ते विचारलेलं नाही, बोर्डात किती पडतील ते विचारलंय. सर, तुमच्याच मार्कांवरून बघितलं तर ते नव्वदच्या वर जातात.

सरांनी मान हलवायची थांबवली.

"भूषणला विचारलंस?"

नाही म्हणणं सोपं होतं. सरांना दिसत नव्हतं आणि उघडलेल्या पानावर ते नावही नव्हतं. मृणालीने वडिलांकडे बघितलं. ते कपाच्या बुडाशी काय राहिलंय ते पाहत होते.

"विचारलं, सर," ती म्हणाली. "एकाहत्तर. बोर्डात बहात्तर."

"आणि ते वाचलं नाहीस."

"नाही."

सर खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान आल्यासारखं दिसलं आणि मृणालीने वही मिटली. आपणच गाळलेली ओळ आपल्याच नावापुढे लागणार. दोन वर्षं, पुण्याची परीक्षा, बारा वेळा लिहिलेला कागद, सगळं त्या एका ओळीवर येऊन बसलं होतं.

"बघा युवराजभाऊ," सर म्हणाले, "माझा आकडा बरोबरही निघतो."

"तो म्हणाला," मृणाली मध्येच बोलली, "त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

"काय?"

"वीस मिळवायचे ते."

तिला हे बोलायचं नव्हतं. भूषणने ते सहज, औषधाची बाटली पिशवीत घालता घालता सांगितलं होतं. तो एरंडोलच्या पुढच्या खेड्यातला, जळगावात खोली घेऊन राहायचा. मोठा भाऊ नाही, बहीण नाही, शेजारी ओळखीचा नाही. हुशार होता. सहामाहीत एकाहत्तर बघितले, हे आपल्याला झेपणारं नाही असं त्याला वाटलं आणि डिसेंबरात त्याने क्लास सोडला. सगळ्या वर्गात सरांचा आकडा खरा मानणारा तो एकटाच निघाला. मृणालीने हे सगळं सांगितलं, तुटक तुटक, वहीकडे बघत.

सरांनी पट्टीच्या कडेला बोट लावलं. तिथे हात लावू नका, असं आतून सून दिपमाला म्हणाली, तसं त्यांनी बोट काढलं.

"मला वाटलं होतं, तो ढिला पडला," ते म्हणाले.

भिकुबाई कप उचलायला आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

मग सर, कुणालाच उद्देशून नाही असं, बोलले, "आणि तिकडच्यांना तरी कोण सांगणार, वीस मिळवायचे ते?"

त्यांनी दिपमालाला मोबाईल घेऊन बोलावलं. शिफारस गुप्त असते, म्हणून बापलेकींना बाहेर ओट्यावर बसवलं आणि दार लोटून घेतलं. नियम पाळला, पण एकतीस वर्षं साठ मुलांच्या वर्गात बोललेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. समोरच्या घरातली बाई तांदूळ निवडायचे थांबवून ऐकू लागली.

"रसायनशास्त्र. अपेक्षित गुण, त्र्याण्णव."

"शंभरपैकी ना, नाना?"

"मग काय दीडशेपैकी? पुढे लिही. आमच्या शाळेत सहामाहीला मार्क कडक दिले जातात. थांब. शाळेत नको. ते मी देतो, असं लिही."

दिपमाला एकेक शब्द इंग्रजीत करून वाचून दाखवत होती. युवराजांनी डोळे मिटले होते. मृणाली पायरीवरच्या मुंग्या मोजत होती आणि दर वेळी तेविसाला चुकत होती.

"ही मुलगी," सर म्हणाले, आणि अडले. त्यांच्या तोंडात कौतुकाचं वाक्य तयार नव्हतं. आत भिकुबाई काहीतरी पुटपुटल्या. "चूक दाखवली की वाद घालत नाही. दुरुस्त करून परत येते. आज एक ओळ गाळून आली होती, विचारल्यावर खरं सांगितलं." मग खुर्ची करकरली. "शेवटचं वाक्य खोड. नाही, राहू दे. नाही. खोड."

मृणालीने मुंग्या मोजायच्या सोडल्या.

नेट गेलं, आलं. दिपमाला मोबाईल घेऊन खिडकीशी गेली, मग माडीवर. मृणालीच्या मोबाईलवर ते रिकामं वर्तुळ तसंच होतं. पाच मिनिटं. नऊ मिनिटं. अकराव्या मिनिटाला त्यात हिरवी खूण उमटली. तिने अर्ज शेवटचा वरपासून खालपर्यंत वाचला आणि पाठवला. पाठवला की सुटले, असा तिचा समज होता. तसं झालं नाही. अजून मुलाखती होत्या, मग बोर्ड, आणि आता त्र्याण्णव खरे करून दाखवायचे होते. इतके दिवस वीस मार्क सरांकडे ठेव म्हणून होते, ते आज तिच्या अंगावर आले.

निघताना ती पाया पडली. सरांनी डोक्यावर हात ठेवला आणि ढिली पडू नको म्हणाले. मग तिचा हात धरला, तो सोडला नाही.

"भूषणचा नंबर आहे तुझ्याकडे."

"आहे, सर."

"लावून दे."

तिने त्यांच्याच मोबाईलवर नंबर लावला, रिंग जायला लागल्यावर तो त्यांच्या तळहातावर ठेवला. युवराज दारातून खुणावत होते, तीनची गाडी होती. ती चपला घालत असताना आतून आवाज आला, समोरच्या घरापर्यंत जाणारा.

"भूषण? मी झुलाल सर बोलतोय."

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. आणि त्यानंतर सर जे बोलले तेही ऐकू आलं नाही. समोरची बाई सूप खाली ठेवून पुढे झुकली होती, तरी तिलाही काही मिळालं नाही.