घरातलं तेल

नवसाबाईला त्या वर्षी दोन माणसांनी मिळून वात आणला होता. एक तिचा नवरा आणि दुसरा तिचा पाठचा भाऊ. दोघं वेगवेगळे असते तर कसंबसं निभावलं असतं. पण एकाच टेम्पोच्या दोन बाजूंना उभे राहून ते वाद घालायला लागले, की चूल पेटती सोडून कुठेतरी निघून जावं असं तिला वाटायचं.

एकोणऐंशी सालचा भाद्रपद होता. डिझेलची अशी टंचाई, की गंगापूर रस्त्यावरच्या पंपापुढे माणसांऐवजी कॅन रांगेत उभे असायचे आणि माणसं लिंबाखाली बसून पत्ते खेळायची. गिरणाऱ्यातला भाजीपाला नाशिकच्या बाजारात पोचवणारा चिमाजीचा टेम्पो आठवड्यातले तीन-तीन दिवस दारात उभा राहू लागला, आणि टेम्पोबरोबर चिमाजीही. बिनकामाचा नवरा दिवसभर घरात असला की चहात साखर कमी पडते, शेळी उगाच ओरडते आणि दार करकरतं, आणि हे सगळं बायकोच्या चुकीनं होतं. नवसाबाई ऐकून घ्यायची आणि तळाच्या वावरात निघून जायची.

त्या वावरात तिचा झेंडू होता. तिचा म्हणजे अगदी तिचा. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षं तिनं खुरपलं, वेचलं, पाट्या डोक्यावर वाहिल्या, पण कुठल्या वावरात काय लावायचं हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. तळाच्या वावरात दरसाल कोबी लागायचा आणि दरसाल अर्धा किडायचा. या वेळी तिनं हट्टच धरला, की यंदा झेंडू. चिमाजी आधी हसला. मग म्हणाला, "लाव. पण वाया गेला ना, तर पुन्हा वावराच्या बाबतीत तोंड घालायचं नाय." तिनं ते मान्य केलं होतं. झेंडूचं मात्र एक असतं, दसऱ्याला तो सोन्यासारखा आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला शेळीसुद्धा विचारत नाही. म्हणजे नवमीच्या दुपारी फुलं नाशिकच्या फुलबाजारात पोचली तर तिचा शब्द राहिला, नाही पोचली तर जन्मभर कोबी.

आणि पोचवणार कोण, तर हे दोघं.

भाऊ गोटीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होता. कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्यापासून त्याच्या तोंडात एकच विषय होता. साप्ताहिक सुट्टी आली की हा एसटीनं गिरणाऱ्यात हजर, आणि पायातल्या चपला काढायच्या आधी सुरुवात.

"दाजी, जमिनीतलं तेल आज ना उद्या संपणार. तुमच्या टेम्पोला दुसरं काहीतरी खायला शिकवलं पाहिजे."

"मग शिकव ना. बैलासारखी पेंड घालू का त्याला?"

"विजेवर चालंल गाडी. मोठ्या बॅटऱ्या बसवायच्या. धूर नाय, आवाज नाय."

"तुमच्या एकलहऱ्याची वीज कशावर होते?"

"कोळशावर."

"मग धूर तिकडं, गाडी इकडं. धूर काय कमी झाला? आणि मला सांग, माझ्या विहिरीवरच्या मोटारीला आठ-आठ तास वीज नसती, ती टेम्पोला कुठून देणार तू?"

पण एवढ्यावर हार मानेल तर तो गोटीराम कसला. पुढच्या सुट्टीला तो निफाडकडून मळीचं स्पिरिट घेऊन आला. उसाच्या मळीपासून होतं, शेतात पिकणारं इंधन आहे, वगैरे वगैरे. ते डिझेलमध्ये मिसळल्यावर टेम्पो दोन वेळा खोकला आणि मुकाट उभा राहिला. उरलेल्या स्पिरिटच्या वासानं मात्र गावातली चार माणसं संध्याकाळपर्यंत अंगणातून हलायला तयार नव्हती. त्यांना हाकलायचं कामही नवसाबाईलाच करावं लागलं.

मग आला गोबरगॅस. परसातल्या टाकीचा गॅस रबरी नळीनं ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये भरायचा, ट्यूब टेम्पोच्या टपावर बांधायची आणि दुसरी नळी इंजिन जिथून हवा ओढतं तिथं खोचायची. डिझेल थोडंसं लागेल, बाकी सगळं काम शेण करेल, असा गोटीरामचा हिशेब. आठवडाभर त्या घरात चुलीला गॅस मिळाला नाही, सगळा ट्यूबमध्ये गेला. टपावर फुगलेलं काळं वेटोळं घेऊन टेम्पो निघाला तेव्हा अर्धं गाव मागे चालत होतं. ते चालतच होतं, आणि ओढ्यापाशी त्यानं टेम्पोला गाठलं. ट्यूब चपटी झाली होती. सात दिवसांचं शेण ओढ्यापर्यंतच पुरलं.

"ट्यूब लहान पडली," गोटीराम म्हणाला.

"तुझी अक्कल लहान पडली," चिमाजी म्हणाला. "डिझेलचा एक तांब्या बघ आणि ही तुझी म्हैस बघ. डिझेलमध्ये जो दम हाय तो शेणात यायचा नाय."

"अहो, पण तुमचं ते तांब्याभर डिझेल हाय कुठं?"

इथं चिमाजी टेम्पोची काच पुसायला लागायचा. नवसाबाईच्या डोळ्यांपुढे तेवढ्यात तळाच्या वावरातल्या कळ्या यायच्या. इकडे यांचं संपत नव्हतं आणि तिकडे कळ्या फुटत चालल्या होत्या.

नवमीला पहाटे सहा बायका लावून तिनं तोडणी केली. पिवळा वेगळा, भगवा वेगळा, पाट्यांवर ओली फडकी. शेजारचा कोंडाजी बैलगाडी घेऊन नाशिकलाच निघाला होता. तो म्हणाला, "वहिनी, पाच-सहा पाट्या टाका माझ्या गाडीत. आस्ते जाईन, पण जाईन." नवसाबाईनं पाटी उचललीसुद्धा होती. पण चिमाजीचा मान आडवा आला. दारात टेम्पो असताना त्याच्या घरचा माल बैलगाडीतून जाणार म्हणजे काय. कोंडाजीनं बैलांच्या शेपट्यांना हात लावला आणि तो गेला. त्याच्या बैलांना ना रांग लागत होती ना परमिट, हे नवसाबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भरल्या दिवशी भांडण नको म्हणून तिनं गिळलं.

अकरा वाजेपर्यंत टेम्पो भरला. इंजिन सुरू करून, गरम करून चिमाजीनं परत बंद केलं, कारण गोटीरामची ती गॅसची नळी अजून आत खोचलेली होती आणि ती काढायला त्याला टेम्पोखाली शिरावं लागलं. फक्त दोन पाय बाहेर. टपावर गोटीराम ट्यूब सोडत होता आणि वरून सांगत होता, की नळी कापू नका, दाजी, पुढं लागंल.

"तेल घाल गं टाकीत," खालून चिमाजी ओरडला.

"कोणतं तेल?"

"घरातलं. डब्यातलं. सगळं ओत."

नवसाबाई क्षणभर उभी राहिली. घरात तेलाचा डबा एकच होता. देवळ्याहून तिच्या आईनं दिवाळीसाठी पाठवलेला, घरच्या शेंगांचा, घाण्यावरून काढून आणलेला, तोंड बंद डबा. त्या साली गोडं तेलही काही सहज मिळत नव्हतं.

दुसऱ्या एखाद्या घरातल्या बाईनं पुन्हा एकदा विचारलं असतं. पण या घरातल्या टेम्पोच्या पोटात महिनाभरात काय काय गेलं होतं ते नवसाबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी स्पिरिट घातलं, मग म्हशीचं शेण घातलं. आता शेंगदाण्याचं तेल म्हणतायत, तर त्यात नवल ते काय. विचारलं असतं तर टपावरून एक आणि खालून एक अशी दोन व्याख्यानं ऐकावी लागली असती, आणि ऊन वर चढत होतं. तिला इतका राग आला होता, की डबा फोडताना हातसुद्धा कचरला नाही. फडक्यातून गाळून तिनं तो सगळा टाकीत रिकामा केला. आईचं तेल गेलं तर जाऊ दे, फुलं पोचू देत.

टेम्पो एका दमात सुरू झाला. टाकीत तळाला थोडं डिझेल होतं, इंजिन गरम होतं, आणि नवमीचं ऊन मी म्हणत होतं. चिमाजी आणि नवसाबाई पुढे, गोटीराम मागे पाट्यांमध्ये.

गोवर्धनच्या अलीकडे चिमाजीनं नाक वर केलं. "कोणीतरी भजी तळतंय."

गंगापूर गावात तो म्हणाला, "इथंबी भजी."

पुढे एक सायकलवाला बराच वेळ टेम्पोच्या मागे मागे येत राहिला. रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्यानं तर बाहेर येऊन बघितलं. चिमाजी म्हणाला, "आज नवमीला सगळ्या नाशिकनं कढया चढवल्या का काय?"

"आपलाच वास हाय तो," नवसाबाई म्हणाली. "शेंगदाण्याचं तेल जळल्यावर दुसरा कसला वास येणार?"

चिमाजीनं करकचून ब्रेक दाबला. मागे गोटीराम पाटीसकट पुढे आला.

"तू काय ओतलंस?"

"तुम्ही सांगितलं ते. घरातलं तेल."

"अगं, डिझेल. मी चुलत्याकडून डबा आणून ठेवला होता, कणगीच्या मागं."

"कणगीच्या मागं ठेवलंय हे मला कोणी सांगितलं?"

"तू म्हणाली होतीस, डिझेल चुलीच्या घरात ठेवायचं नाय. म्हणून गुपचूप ठेवलं."

"मग गुपचूपच ओतायचं होतं."

तोवर गोटीराम उडी मारून खिडकीपाशी आला होता. प्रकार कळल्यावर त्याचा चेहरा असा फुलला, की नवसाबाईला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. "दाजी, इंजिन बंद करू नका. गार झालं तर हे तेल आत चिकटून बसंल. पण चालतंय बघा. मी म्हणत होतो का नाय, डिझेलचं इंजिन शेंगदाण्यावरबी चालतं."

"तू शेंगदाण्याचं नावसुद्धा काढलं नव्हतंस."

"काढणारच होतो."

"माझं इंजिन बाद झालं तर?"

"अहो, धूर बघा किती कमी हाय."

"धूर काय बघू, चढावर दम कमी पडतोय तो बघ ना."

भर रस्त्यात, घरघरत्या टेम्पोच्या दोन बाजूंना उभे राहून दोघं पुन्हा सुरू झाले. डिझेल बरं की शेंगदाणा, कशाचा दम किती, कशाची काजळी किती. पाट्यांवरची फडकी वाळली होती. वरच्या थरातल्या भगव्या फुलांनी माना टाकायला सुरुवात केली होती. नवसाबाईनं ते पाहिलं, आणि महिनाभर गिळलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"तीन महिने मी ती फुलं वाढवली," ती म्हणाली. आवाज तिनं चढवला नव्हता, पण दोघंही थांबले. "माझ्या आईचं दिवाळीचं तेल त्या टाकीत जळतंय. ते संपायच्या आत तुम्ही गाडी चालवली नाय, तर मी पाटी डोक्यावर घेऊन चालत जाईन, आणि मग दोघांनी इथंच बसा काजळी मोजत."

चिमाजी चढून बसला. गोटीराम मागे गेला. टेम्पो निघाला तो थेट फुलबाजाराशी थांबला.

दुपारी दोनला पोचलेली फुलं पाचच्या आत संपली. शेवटची पाटी तर एका बाईनं टेम्पोतून उतरायच्या आधीच घेऊन टाकली. कोंडाजीसुद्धा मध्ये येऊन गेला, टेम्पोभोवती फिरून वास घेतला आणि हसला. नवसाबाईनं रिकाम्या पाट्या एकात एक घातल्या आणि पहिल्यांदा पाठ सरळ केली. आता कोणीतरी म्हणेल, असं तिला वाटत होतं. फार नाही, एवढंच, की झेंडू चांगला आला होता.

दोघं चहाच्या गाडीपाशी बसले होते. ती जवळ गेली तेव्हा गोटीराम हातवारे करून सांगत होता आणि कधी नव्हे तो चिमाजी मान डोलावत होता.

"वासाचं सोडा, पण गाडी पोचली ना. आता विकतचं तेल परवडायचं नाय, घरचं पाहिजे. तुमचं ते तळाचं वावर हाय ना, दाजी, पुढच्या साली तिथं भुईमूग लावा. टेम्पोचं तेल टेम्पोच्या मालकाच्या शेतात."

"बोलतोस ते खरं हाय," चिमाजी म्हणाला. "लावू भुईमूग."

नवसाबाई तिथंच उभी राहिली. तिला वाटलं होतं, की फुलं पोचली म्हणजे आपण जिंकलो. आणि इथं तिच्या वावरातून ती बाजूला झालीसुद्धा होती, चहा पिता पिता.

"गोटीराम," तिनं विचारलं, "वर्षभर टेम्पो चालवायचा तर भुईमूग किती लागंल?"

गोटीरामनं बोटं मोजली. मग परत मोजली. "असंल सात-आठ एकर."

"आपली जमीन किती?"

"तीन," चिमाजी म्हणाला.

"मग टेम्पो जेवंल आणि आपण बघत बसू." तिनं चिमाजीकडे वळून सांगितलं, "तळाच्या वावरात पुढच्या साली शेवंती लागणार. फुलं पोचली तर माझा शब्द राहील, असं ठरलं होतं. टेम्पोला काय पाजायचं ते तुम्ही दोघं बघा."

"अगं, पण टेम्पोतलं तुला काय कळतं?"

"काहीच कळत नाय. म्हणून तर आज पोचला."

चहावाला हसला. गोटीरामनं चपलेकडे पाहिलं. चिमाजीनं बशीतला चहा फुंकून फुंकून संपवला. मग बशी खाली ठेवून, तिच्याकडे न बघता, त्यानं विचारलं, "शेवंतीची रोपं कुठून आणायची?"

एकोणीस वर्षांत त्यानं तिला शेतीतलं असं काही पहिल्यांदाच विचारलं होतं. तिला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण एवढं विचारायला या माणसाला डबाभर तेल जाळावं लागलं, याचा राग त्याहून मोठा होता. "घरी चला, सांगते," ती म्हणाली, आणि पाट्या उचलून टेम्पोकडे निघाली.