पंपाच्या खोलीमागचं बाकडं

गवंड्याने तळहातांवर थुंकून घण उचलला आणि तसाच खाली ठेवला. सिमेंटच्या बाकड्यावर माणूस येऊन बसला होता. तोही साधासुधा नव्हे, खुद्द सोसायटीच्या चिटणीसबाईंचा नवरा. हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र, पायांत घरातल्या चपला आणि नजर समोरच्या भिंतीवर.

“साहेब, जरा उठता का? हे फोडायचंय.”

साहेब उठले नाहीत. गवंड्याने पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. शेवटी कुणीतरी फाटकाकडे धावलं. तिथे चिटणीसबाई वाफ्यांच्या कडेचे दगड रंगवून घेत होत्या. त्या पदर खोचून तरातरा आल्या.

“अहो, तिकडे झाडाखाली बसा की. हे आज निघतंय.”

“माहीत आहे.”

“मग?”

“माझी हरकत आहे, चिटणीसबाई.”

मागे कुणाला तरी हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात दडपलं. बाईंच्या कानशिलांवर मात्र रंग चढला. घरात या माणसाने त्यांच्या कुठल्याही बेताला कधी नन्नाचा पाढा लावला नव्हता. अंगण सुधारायचा सगळा आराखडा त्यांनी नाश्त्याच्या टेबलावर त्याला वाचून दाखवला होता. सायकलींचा मांडव पंपाच्या खोलीमागे येणार, हेही सांगितलं होतं. तेव्हा तो “छान” म्हणाला होता आणि चहा प्यायला होता.

बाईंनी हाती घेतलं तेव्हा सोसायटीचं हे अंगण म्हणजे नुसता उकिरडा होता. गंजके पिंप, मोडक्या खुर्च्या, कुणाची तरी वर्षानुवर्षं न हललेली मोटार. आधीच्या मंडळींनी जिन्यात कुजबुजण्यापलीकडे काही केलं नाही. बाईंनी नियम केला. जे काढायचं ते आधी फळ्यावर लिहायचं. ज्याची हरकत असेल त्याने काम सुरू व्हायच्या आत जागेवर येऊन चारचौघांत कारण सांगायचं. दुसऱ्या एखाद्या घराने त्याच्या बाजूने हात वर केला तर ती वस्तू राहील. नाही तर नाही. मग तिथे ओळखदेख, रडारड काही चालायचं नाही.

आणि खरंच चालली नव्हती. वरच्या मजल्यावरच्या वहिनींची कपडे वाळत घालायची तार निघाली, तेव्हा त्या जागेवर येऊन ढसाढसा रडल्या होत्या. कुणीच हात वर केला नाही. संध्याकाळच्या आत तार कापली गेली. तेव्हापासून दोघींत बोलणं नव्हतं. आज त्याच वहिनी हाताची घडी घालून पुढेच उभ्या होत्या.

बाई नवऱ्याच्या अगदी जवळ गेल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या,

“शोभा करू नका. घरी बोलू.”

“घरी बोलता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो?”

हे तो मोठ्याने बोलला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. बाईंना वाटलं, दंड धरून उठवावं याला. हात पुढे गेलाही. वहिनींची नजर त्या हातावर होती. बाईंनी तो मागे घेऊन साडीला पुसला, आणि रंगाचा पांढरा फराटा साडीवर उमटला.

“कारण सांगावं लागतं ना?” वहिनी गवंड्याकडे बघत म्हणाल्या. “नियम म्हणजे नियम.”

“सांगा,” बाई म्हणाल्या. “काय कारण आहे?”

त्याने वर्तमानपत्राची घडी उलगडली, पुन्हा घातली. बाकड्याला तडे गेले होते, एक कोपरा ढासळला होता. समोर भिंतीवर ओल धरली होती. इथे मुद्दाम येऊन बसावं असं त्यात काय होतं, हे बाईंना कळेना. आणि कळेना म्हणून जीव धसकला.

“इथून आपलं घर दिसत नाही,” तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. पंप मध्येच सुरू झाला नि घरघरत राहिला. आपण भलतंच बोलून बसलो हे त्याच्याही ध्यानात आलं असावं. “एवढंच,” असं पुटपुटून तो भिंतीकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते.

बाईंच्या डोळ्यांपुढे एकदम घरातली खोली न् खोली आली. त्याची जुनी आरामखुर्ची त्यांनीच देऊन टाकली होती, खोली मोकळी दिसावी म्हणून. त्याची पुस्तकं माळ्यावर गेली. बाल्कनीत रोपं आली. तेव्हाही तो “छान” म्हणाला होता.

“याला कुणाचा पाठिंबा?” त्यांनी विचारलं.

माणसं आपापल्या चपला बघू लागली. नवरा-बायकोच्या भानगडीत कोण पडणार? आणि बाईंचा स्वतःचा हात चालणार नव्हता. दुसरं घर हवं, हे त्यांनीच लिहिलं होतं. गवंड्याने घणाचा दांडा पुन्हा हातात घेतला.

“थांबा,” बाई म्हणाल्या. मग त्या वहिनींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“वहिनी, हात वर करा ना.”

“मी?”

“तुम्हीच. दुसरं कुणी करणार नाही.”

“माझ्या वेळी थांबला होतात का तुम्ही?”

“नाही.”

“मी केवढ्या विनवण्या करत होते.”

“हो. चुकलं माझं. तेव्हाच थांबायला हवं होतं.”

वहिनींनी बाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. घाई केली नाही. मग घडीतला एक हात सुटला आणि खांद्यापर्यंत वर आला.

“तुमचा काही पुळका नाही मला,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यासाठी करतेय.”

“चालेल.”

“मग आता मी काय फोडू?” गवंड्याने विचारलं. आता कुठे लोकांना हसायला सापडलं. हसत, आळोखेपिळोखे देत मंडळी पांगली.

बाकड्यावर तिघं सहज मावतील एवढी जागा होती. क्षणभर टेकावं म्हणून बाई दोन पावलं पुढे गेल्याही. नवऱ्याने त्यांना येताना पाहिलं आणि त्याचे खांदे आक्रसले. वर्तमानपत्र त्याने गोळा करून मांडीवर घेतलं, उठायच्या तयारीने.

बाई तिथेच थांबल्या.

“मी येतोच आहे,” तो म्हणाला.

“सावकाश या,” त्या म्हणाल्या, आणि मागे वळून न बघता घराकडे निघाल्या.