लाल लुगड्याची पट्टी

वसईतल्या पापडी गावच्या घरातली मागची खोली पॉलिनला तोंडपाठ झाली होती. खिडकी बंद, कारण बाळंतिणीच्या अंगात वारा शिरतो. दाराला पडदा, आणि पडद्यापलीकडे सासूचा, डेल्फिनमम्मींचा, सतत वावर. बाळाच्या बाप्तिस्म्यापर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, हा घरचा रिवाज. त्यापायी ती आपल्या आईच्या मयतीलाही गेली नव्हती. टाके ओले होते, बाळ आठवड्याचंही नव्हतं, आणि माहेरी, नंदाखालला, तिची आय, थेरेसा, झोपेतच गेली होती.

येत्या रविवारी आयचा महिन्याचा मिस्सा होता, तिच्या आत्म्यासाठी चर्चमधली प्रार्थना. नवऱ्याने, फ्लॉईडने, जन्मात पहिल्यांदा आपल्या आईपुढे आवाज चढवला होता. "मयत चुकली तिची. मिस्सा चुकणार नाही." मम्मी गप्प बसल्या, म्हणजे दार उघडलं. पण आता पॉलिनलाच बाहेर पडता येत नव्हतं. खोकला आला, शिंक आली, नुसतं बाळाला घेऊन उठलं तरी तिला लघवी सुटायची. मिस्सात तर उठायचं, बसायचं, गुडघे टेकायचे, तेही साऱ्या नंदाखालसमोर. हे सांगायचं ते फक्त आयला सांगण्यासारखं होतं. नवऱ्याला ती एवढंच म्हणाली, "कंबर दुखते."

रोज अंघोळ झाली की मम्मी तिचं पोट बांधायच्या. पट्टी आयच्या लाल लुगड्याची होती. सातव्या महिन्यात आयने ते स्वतः फाडलं होतं, धुऊन मऊ केलं होतं, घडी घालून दिलं होतं. "पोट घट्ट बांधून घे, पोरी, नायतर माझ्यासारखं लोंबेल," असं म्हणून हसली होती.

"आवळा," पॉलिन म्हणायची.

"आवळलं की!"

"अजून."

"अगो, बाई आहेस का केळीचा घड? मढ्यालाही एवढं बांधत नाहीत," मम्मी म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली.

पट्टी बरगड्यांखाली रुतली की पॉलिनला बरं वाटायचं. कुणीतरी धरून ठेवल्यासारखं.

शुक्रवारी फ्लॉईडने बोलावलेल्या फिजिओथेरपिस्ट आल्या. लतिका म्हात्रे, एव्हरशाईन सिटीतून स्कूटरवर. त्यांनी पडदा सारला, खिडकी उघडायला सांगितली आणि मम्मींना बाहेर थांबायला सांगितलं. मम्मी पडद्यापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"कंबरच दुखते ना फक्त?" लतिकाताईंनी विचारलं. मग आवाज उतरवून, "खोकलं की काही होतं का?"

पॉलिनने मान खाली घातली. तेवढ्यावर त्यांना कळलं.

"पुष्कळ जणींना होतं. बोलत कुणीच नाही." त्यांनी तिला आडवं केलं, गुडघे वाकवायला सांगितले आणि पोटावरची गाठ चाचपली. "बाप रे! एवढं आवळतं कोण?"

पडदा हलला. "माझ्याकडे बोट नका दाखवू, डॉक्टर! मी सैलच बांधते. हीच म्हणते, आवळा."

लतिकाताईंनी पॉलिनकडे पाहिलं. "दुधाची पिशवी मधोमध आवळली तर दूध कुठे जाईल? खालच्या टोकाला. तसाच सगळा भार खाली जातो, आणि खाली पेलून धरणारे स्नायू आधीच ताणलेत तुमचे. हे सोडा. लघवी अडवल्यासारखं आतून वर ओढा, थोडं धरा, सैल सोडा. श्वास कोंडायचा नाही. उठताना आधी वर ओढायचं, मग श्वास सोडत उठायचं."

"रविवारपर्यंत बरं होईल?"

"नाही. महिने लागतील. रविवारी पॅड लावा, कडेला बसा. पण जा."

त्यांनी गाठीला हात घातला, तसा पॉलिनने तो धरला. "नको. राहू दे."

"अहो, यानेच तर..."

"थेरेसाचं लुगडं आहे ते," पडद्याआडून मम्मी म्हणाल्या. बाळ चुळबुळलं.

बऱ्याच वेळाने पॉलिनने स्वतःच गाठ सोडली. कातडीवर लुगड्याचे काठ उमटले होते. पोट सुटलं, आणि वाटलं, सगळं आतडं ओघळून खाली पडेल. तिने वर ओढलं. काही जाणवलं नाही. पुन्हा ओढलं. खूप खोल, कुठेतरी, किंचित काहीतरी हललं.

रविवारी ती न बांधता गेली. रिक्षात प्रत्येक खड्ड्याला तिने दात आवळले. चर्चमध्ये शेवटच्या बाकाच्या कडेला बसली. फादरांनी आयचं नाव घेतलं तेव्हा रडण्याआधीच तिला ठसका लागला. वर ओढायला उशीर झाला, पॅड ओलं झालं. दार दोन पावलांवर होतं. ती उठली नाही.

मिस्सा झाल्यावर सगळे कबरीपाशी गेले. माती अजून बसली नव्हती, वर झेंडूचे हार सुकले होते. ती गुडघे टेकायला वाकली तसं मम्मींनी पर्समधून काहीतरी काढून तिच्या पायाशी टाकलं. लाल पट्टीची जाड घडी.

"मातीत नको टेकू. ओल धरते."

पॉलिन आयच्या लुगड्यावर गुडघे टेकून बसली. प्रार्थना संपली, माणसं पांगली. एक हात मम्मींनी पुढे केला, मग मागे घेतला.

"आधी वर ओढ," त्या पुटपुटल्या. "मग श्वास सोड. नि मग ऊठ."