मोहफूल निवासाची दोन कॅलेंडरं

रत्नपाल मेश्रामला माझ्यापासून काय मिळणार होतं, ते आधी मांडते. नागपूरच्या सिमेंट गोदामातली नोकरी तो सोडून आला होता, ती पुन्हा धरावी लागणार नव्हती. जंगलाच्या गेटावर गिऱ्हाईक अडवणाऱ्या दलालाला हात जोडावे लागणार नव्हते. आणि त्याची मुलगी हर्षा, जी तेव्हा रांगत होती, ती बापाला महिन्याकाठी येणारा पाहुणा समजणार नव्हती. बाकीचा फायदा वरकड.

मित्रांनो, ज्या वस्तूकडून एवढ्या अपेक्षा होत्या ती वस्तू मी. मी एक जुनी वेबसाइट आहे. मला हात लावता येत नाही, पण मलाही एका माणसाने बसून घडवलं आहे. गोरेगावहून नागझिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रत्नपालच्या राहत्या घराला लागून 'मोहफूल निवास' नावाचं चार खोल्यांचं घर आहे. जंगल पाहायला येणाऱ्यांनी तिथे उतरावं, म्हणून २०११ साली पावसाळा संपता संपता मी जन्मले.

माझा जन्म गोंदियात, घनश्यामच्या दुकानात झाला. घनश्यामचा मूळ धंदा लग्नपत्रिका छापण्याचा. वेबसाइट तो नुकताच शिकला होता. लग्नपत्रिका छापणाऱ्याचा एक धर्म असतो: नाव कोणाचंही सुटता कामा नये. सुटलं की माणूस रुसतो आणि जेवायला येत नाही. तोच धर्म घनश्यामने मला लावला.

वेबसाइट म्हणजे तयार मिळणारं घर. त्याला लागेल तसं जोडसामान बसवता येतं. या सामानाला प्लगिन म्हणतात. घड्याळ दाखवणारं प्लगिन वेगळं, हवामान सांगणारं वेगळं, फोटो सरकवणारं वेगळं. ती हजारोंनी मिळतात आणि पुष्कळशी फुकट असतात. हा 'फुकट' शब्द ऐकला की शहाणा माणूससुद्धा विचार करायचं काम दुसऱ्यावर टाकतो.

"भैया, ये देखो, पत्ते गिरने वाला," घनश्याम म्हणायचा.

"पैसे लागते का?" रत्नपाल विचारायचा.

"फ्री है."

"मंग टाक ना. कायले ठेवतं?"

अशी माझ्या अंगावरून पळसाची पानं गळू लागली. कोपऱ्यात घड्याळ आलं. वर सुस्वागतमची पट्टी धावू लागली. मला उघडताच वाघाची डरकाळी ऐकू येई, ही रंजिताची हौस. रंजिता रत्नपालची बायको. मला बघणारी माणसं बहुधा कचेरीत, कामाच्या वेळी, साहेबाकडे पाठ करून बघत. डरकाळी फुटली की मला घाईघाईने बंद करत. महिनाभरात डरकाळी काढावी लागली. रंजिताला थोडं वाईट वाटलं, पण हवामानाच्या प्लगिनने तिची समजूत काढली.

या सगळ्या दागिन्यांत कामाचं एकच होतं. कोणत्या तारखेला कोणती खोली रिकामी आहे ते दाखवणारं आणि आगाऊ नोंद घेणारं कॅलेंडर. तेही एक असायला हवं होतं. माझ्यावर दोन बसली.

पहिलं उदारामचं. उदाराम रत्नपालच्या मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे घरचा जावई. गोरेगावात एका कचेरीत संगणकावर बसायचा, त्यामुळे सगळ्या नात्यागोत्यात संगणक म्हटलं की उदाराम. तो मुद्दाम एसटीने गोंदियाला आला, घनश्यामला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः कॅलेंडर निवडलं. निवडायचं कारण, त्याला गुलाबी फुलांची किनार होती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की बनवणाऱ्याने दोन वर्षांत याची डागडुजी केलेली नाही. घनश्यामने ते वाचलं, मान खाजवली आणि जावयासाठी चहा सांगितला.

दुसरं संघदीपचं. संघदीप रंजिताचा धाकटा भाऊ. नागपूरला एका कंपनीत नुकताच लागला होता. दिवाळीला बहिणीकडे आला, लॅपटॉपवर मला पाहिलं आणि ओठ आवळले. परत गेल्यावर त्याने एक चांगलं कॅलेंडर निवडलं. त्याची वर्षाची फी असते. त्या फीच्या बदल्यात बनवणारे लोक त्याची नीट निगा राखतात आणि काही बिघडलं तर उत्तर देतात. फी त्याने आपल्या पगारातून भरली.

"कितीचं आहे रे?" रंजिताने फोनवर विचारलं.

"फुकट आहे, ताई."

पावती माझ्या पोटात होती, पण मला कोणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

आता एक काढायला हवं होतं. मित्रांनो, इथे प्रश्न कॅलेंडरचा राहिला नाही. ओसरीत बैठक बसली. रत्नपालची आई भागीरथाबाई म्हणाल्या, "जवाईबापूनं आपल्या हातानं देल्लं, ते कसं काढतं बापा? अन् सुनेच्या भावाचं काढलं तं मानसं का म्हणतीन? दोन्ही राहू दे. घर का लहान आहे?"

"कार्ड पे भी दोनों पक्ष रहते हैं, माँजी," घनश्यामने फोनवरून दुजोरा दिला.

तेव्हापासून माझ्या डाव्या अंगाला वरपक्ष आणि उजव्या अंगाला वधूपक्ष. दोघांची एकमेकांशी बोलचाल नाही. डाव्यात नोंद झाली तर उजव्याला पत्ता नाही, उजव्यात झाली तर डावा गप्प. कोणी डावीकडे बोट लावी, कोणी उजवीकडे.

त्या हिवाळ्यात काही बिघडलं नाही. चार खोल्यांत दोन बिऱ्हाडं असली की कोणतंही कॅलेंडर खरं बोलतं. पाहुणे येत, रंजिताच्या हातचं जेवत, जाताना माझं कौतुक करत. रत्नपाल शेजाऱ्यांना सांगे, "आता दलालाले कोन विचारते? लोक घरी बसून खोली धरून राहिले." मीही फुगले होते. कौतुकाच्या काळात आपल्या अंगावर काय काय लटकलं आहे ते दिसत नाही.

मग आली बुद्ध पौर्णिमा. या दिवशी मेश्रामांच्या घरी सगळं गोत जमतं. भिंतींना चुना लागतो, पंचशीलाचा झेंडा चढतो, खिरीचं भांडं चुलीवर जातं. आणि याच पौर्णिमेच्या चांदण्यात नागझिऱ्यात प्राणिगणना होते. माणसं पाणवठ्यावर मचाण बांधून रात्रभर जनावरं मोजतात. म्हणजे घरात पाहुण्यांची गर्दी आणि रस्त्यावर गिऱ्हाईकांची. वर्षातला सर्वांत मोठा दिवस, आणि त्या दिवसासाठी चारही खोल्या माझ्या डाव्या अंगाने विकल्या होत्या. उजव्यानेही.

दुपारी रायपूरची मंडळी आली, आंघोळी करून पंख्याखाली लोळली. मागोमाग नागपूरची गाडी थांबली. पुढे गाड्या येतच राहिल्या. प्रत्येकाच्या हातात कागद, प्रत्येक कागद खरा.

"अरे भाई, हमारा कन्फर्म है," रायपूरवाले दारातून म्हणाले.

"आमचं काय, खोटं आहे?" नागपूरवाले म्हणाले.

चुना लावायच्या गडबडीत रत्नपालने आठवडाभर लॅपटॉप उघडला नव्हता; आता उघडला तर दोन्ही कॅलेंडरांत चारही खोल्या भरलेल्या. भागीरथाबाई खिरीचा पळा हातात घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी नागपूरवाल्यांना विचारलं, "तुमी तं रातभर मचानावर बसनार न जी? मंग खोली कायले पायजे? सामान ठेवा, खीर खा अन् चढा झाडावर."

दोघे हसले, एक चिडला. पण मचाणावर जाणाऱ्यांचा प्रश्न तेवढ्याने मिटला. उरलेल्यांसाठी मेश्रामांनी स्वतःचं घर रिकामं केलं. नात्यातली माणसं अंगणात आली. जावयासाठी राखलेला पलंग रायपूरच्या आजोबांना गेला आणि उदाराम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवा झाला. जाताना काही पाहुणे हात जोडून गेले आणि काही पैसे परत मागून.

दुसऱ्या दिवशी घनश्याम खिरीच्या आमंत्रणावर आला. ओसरीत मला उघडून म्हणाला, "भैया, एक तो निकालना पड़ेगा."

सगळे छताकडे बघू लागले. उदाराम पाठ चोळत बसला होता. त्याचं नाव घ्यायची कोणाची छाती नव्हती. पाठ दुखत असलेल्या जावयाला आणखी काय म्हणायचं? रंजिता पौर्णिमेसाठी आलेल्या भावाकडे बघत नव्हती.

संघदीपच म्हणाला, "माझं काढा. फुकटचं तर आहे."

"पाहा बरं, पोट्टा समजदार आहे," उदाराम म्हणाला.

रंजिताने पदर नीट केला आणि आत गेली. घनश्यामने बटण दाबलं. ज्याची निगा राखणारी माणसं होती ते गेलं, आणि ज्याला वाली नव्हता ते माझ्या अंगावर गुलाबी किनारीसकट राहिलं.

मित्रांनो, प्लगिन म्हणजे भिंतीवरचं चित्र नव्हे. ते विहिरीवरच्या मोटारीसारखं असतं. चालू आहे तोवर कोणाला आठवत नाही, पण त्याला बघणारं कोणीतरी लागतं. जंगल पावसाळ्यात बंद होतं, ऑक्टोबरात उघडतं. उघडायच्या आधी घनश्यामने माझं मूळ घर, म्हणजे ज्यावर मी चालते ते सॉफ्टवेअर, नव्या पद्धतीचं करून घेतलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही, ते करावंच लागतं. पण जावयाचं कॅलेंडर त्या नव्या घराशी जुळलं नाही. बाहेरून ते तसंच दिसे. लोक तारीख भरत. ते म्हणे, "धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू." आणि रत्नपालकडे काहीच पोचवत नसे.

दिवाळी गेली. रत्नपाल रोज लॅपटॉप उघडून बघे. एकही नोंद नाही.

"पौर्णिमेची बदनामी झाली," तो म्हणाला. "लोक काऊन येतीन? ज्यानं त्यानं सांगतलं असन."

"जरा दम धरा न," रंजिता म्हणाली.

"किती धरू? गोदामवाला जागा धरून नाही बसनार."

तो नागपूरला गेला. हर्षा आता धावू लागली होती. ती रस्त्यापर्यंत त्याच्या मागे गेली आणि एसटी दिसेनाशी झाल्यावर रंजिताने तिला उचलून आणलं. माझ्या अंगावरची पानं गळतच होती. घरात कोणीच मला उघडत नव्हतं. बाहेर लोक उघडत होते, तारीख भरत होते, वाट बघत होते आणि दुसरीकडे जात होते.

होळीच्या सुमाराला जंगलातला गाईड टिकाराम एका अमरावतीच्या बाईंना जेवायला घेऊन आला. बाई पहिल्या घासालाच म्हणाल्या, "जेवण छान आहे हो, पण तुम्हाला गिऱ्हाईक नको असतं का? मी तीनदा फॉर्म भरला. साधं उत्तर नाही!"

रंजिताने वाटी खाली ठेवली. तिने तिथूनच घनश्यामला फोन लावला. त्याने मला उघडलं, स्वतःच एक तारीख भरली आणि थांबला. नोंद काही आली नाही.

"दीदी, लोग तो घंटी बजा रहे हैं. तार ही कटा हुआ है."

"काढून टाक ते."

"जवाईबापू नाराज होंगे."

"होऊ दे. नाराजी सांभाळता सांभाळता नवरा नागपूरले गेला. आता आनखी कोनाले धाडू?"

तरी तिने ते जावयाच्या पाठीमागे केलं नाही. बाजाराच्या दिवशी ती गोरेगावला उदारामच्या घरी गेली. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही, पण पुढे गोंदियात, मी पडद्यावर उघडी असताना, तिने घनश्यामला सांगितलं. रस्त्यात तिने चार वाक्यं जुळवून ठेवली होती. तिने एकच म्हटलं, "भाऊजी, तुमचं कॅलेंडर मी काढून राहिली."

उदाराम सुपारी कातरत होता. म्हणाला, "कोनतं कॅलेंडर?"

"वेबसाइटवरचं. तुमी बसवलं होतं ते."

"आँ? ते अजून ठेवलंच काय? मले वाटलं कवाच काढलं असन तुमी. चहा घेतं का?"

हे सांगताना रंजिता हसली, आणि मग बराच वेळ हसली नाही.

घनश्यामने संघदीपचं कॅलेंडर परत बसवायला घेतलं, तेव्हा पडद्यावर चालू वर्षाची फी मागितली गेली आणि खाली मागच्या वर्षीची भरलेली दिसली, संघदीपच्या नावाने. रंजिताने ते वाचलं. त्या वर्षीची फी तिने भरली. पानं काढली, पट्टी काढली, हवामानही काढलं. मी हलकी झाले आणि मचाणाजवळच्या तुटपुंज्या रेंजमध्येही उघडू लागले. पण तोवर हंगामाचा चांगला भाग निघून गेला होता. रत्नपालने गोदामात पुढच्या दिवाळीपर्यंतचा शब्द दिला होता, आणि शब्द मोडणं त्याला जमत नव्हतं. तो उन्हाळा रंजिताने एकटीने ओढला.

आज मी म्हातारी आहे. बरेच पाहुणे आता थेट फोन करतात. तरी तुम्हाला सांगते, मित्रांनो. काही जोडून घेताना ते किती सुंदर आहे किंवा किती स्वस्त आहे, एवढंच विचारू नका. बिघडलं तर कोण येईल, ते विचारा. आणि कोणाचा मान राखायला एखादी वस्तू ठेवली असेल, तर वर्षातून एकदा त्या माणसाला विचारून बघा, त्याला ती आठवते तरी का.

आता हिशोब. घनश्यामचा गेला थोडा वेळ, तो खिरीत फिटला. उदारामची एक रात्र ट्रॉलीत गेली. संघदीपने पगारातले पैसे भरले आणि वर समजदार म्हणवून घेतलं. रंजिताने एक उन्हाळा भरला, रत्नपालने एक वर्ष. पुढच्या दिवाळीला तो कायमचा परत आला तेव्हा हर्षा दाराआड गेली आणि आईला म्हणाली, "पाहुने आले." दोहोंपैकी एकही कॅलेंडर तिला वाचता येत नव्हतं. सर्वांत जास्त तिने भरलं.