रांगेतली घरं

घर मोडायचा हुकूम आला तेव्हा उर्गेच्या शेतातलं जव नुकतंच पिवळं पडायला लागलं होतं. हुकूम घेऊन आला होर्दोफा, शेतकरी संघाचा अध्यक्ष. क्रांतीआधी तो आणि उर्गेचा नवरा तुफा एकाच जमीनदाराची कुळं होते. जमीनदार पळाला, जमिनी वाटल्या गेल्या, त्या दिवशी हे दोघे गळ्यात गळे घालून नाचले होते. ते नाचणं आठवलं की उर्गेचं डोकं फिरायचं.

होर्दोफाबरोबर पक्षाचा एक तरुण होता, बूट घातलेला. तो सरकारी अम्हारिक भाषेत बोले आणि होर्दोफा ते गावच्या ओरोमोत सांगे.

"वहिनी, सगळी टेकडी खाली उतरतेय. माळावर नवं गाव बसणार. सरळ रांगा. शाळा, दवाखाना, नळ."

"आला का नळ?"

"येईल की."

"मग आला की सांग. हंडा घेऊन येते."

तुफा पुटपुटला, "उर्गे, जरा गप्प राहा."

"ते म्हणतात," होर्दोफाने त्या तरुणाकडे पाहिलं, "माणसं अशी डोंगरभर पांगलेली असली तर सरकारला त्यांचं भलं करता येत नाही."

"पोरं फौजेत ओढून नेता येत नाहीत, असं म्हण! तुम्ही आलात की ती रानात पळतात, ते खुपतंय तुम्हाला."

होर्दोफाने हे काही त्या तरुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते शिपाई घेऊन आले. उर्गेने आत जाऊन आपली सिंके आणली. लग्नाच्या दिवशी आई लेकीच्या हातात देते ती काठी. ती बाईने आडवी धरली की आर्सी मुलखातला कुठलाही पुरुष पुढे पाऊल टाकत नाही. भांडणं थांबतात, भाले खाली येतात. उर्गेने ती उंबऱ्यावर आडवी ठेवली आणि मागे उभी राहिली.

होर्दोफा थबकला. त्याचा चेहरा उतरला. बुटवाल्याने विचारलं, काय झालं? होर्दोफाने खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं, तसा तो खो खो हसला आणि त्याने होर्दोफाच्या पाठीवर थाप मारली. होर्दोफाने डोळे मिटल्यासारखे केले आणि काठी ओलांडून तो आत गेला.

"तुझ्या आईनेही अशीच काठी धरली होती रे!" उर्गे ओरडली. आतलं धान्याचं टोपलं उचलून त्याने बाहेर ठेवलं.

मग घर मोडलं, ज्याचं त्यानेच. छप्पर अख्खं उचलून वीस-पंचवीस पुरुष उतारावरून नेत होते, मेलेलं जनावर न्यावं तसे. माळावर दोऱ्या ताणून ठेवल्या होत्या. दोरीवर घर, घराला चिकटून घर. सकाळी दार उघडलं की समोर शेजाऱ्याची मागची भिंत. नळ आला नाही. दवाखान्याचा चौथरा झाला, त्यावर शेळ्या बसायच्या.

शेत मात्र वरच राहिलं. टेकडी चढून जाईपर्यंत माकडांनी जव ओरबाडलेलं असायचं. तुफाने उरलेलं घाईघाईने कापलं, शेतातच पेंढ्या रचल्या आणि राखणीला एक झोपडी उभारली. गाव सोडून राहायला बंदी होती. चौथ्या दिवशी शिपायांना घेऊन होर्दोफा वर आला.

"तुफा, बाहेर ये. हुकूम आहे."

"दोन दिवस दे. मळून घेतो आणि मीच मोडतो."

बुटवाला मागेच उभा होता. होर्दोफाने काडी ओढली. गवताचं छप्पर ते, भडकायला काय वेळ लागतो! आग पेंढ्यांवर गेली. तुफा पेंढ्या ओढायला आत घुसला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जखमा भरल्या, पण बोटं आत वळली ती वळलीच. त्या वर्षी ते दोघं रानातली पानं उकडून जगले. उर्गे होर्दोफाच्या दारावरून जाताना रोज थुंकायची, त्याला दिसेल अशी.

चारेक वर्षांनी रेडिओवर सरकारच म्हणालं, आता ज्याला जसं कसायचं तसं कसू दे. दुसऱ्या दिवशी माळ ठकठक वाजत होता. घरं परत टेकडीवर न्यायला लोक खांब उपटत होते. बुटवाला तर कधीच शहराकडे गेला होता.

"अरे थांबा, वरून लेखी काही आलेलं नाही!" होर्दोफा रांगांमधून फिरत होता. कुणी त्याच्याकडे मानही वर करून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी माळावर त्याचं एकट्याचं घर उरलं. तो टेकडीवर तुफाकडे आला. तुफा वाशांना दोर गुंडाळत होता, एका हाताने आणि दातांनी.

"छपराला माणसं हवीत," होर्दोफा म्हणाला. "एकट्याने उचलत नाही."

तुफाने दोर सोडला. उठायलाच निघाला होता तो.

"खाली बस," उर्गे म्हणाली.

"वहिनी, मी तरी काय करणार होतो? हुकूम होता."

"हुकूम अदिस अबाबात होता. काडी तुझ्या हातात होती."

होर्दोफा माघारी वळला. टेकडी उतरू लागला. तुफा त्याच्या पाठीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पावसात भिजेल गं तो."

"भिजू दे," उर्गे म्हणाली आणि खांबाचा खड्डा खणायला लागली. माती कठीण झाली होती. तिने दात आवळून घाव घातला, आणखी एक घातला.